उजवीकडे एकच दिसते

शिरूर, सोमवार, दि. १२ फेब्रुवारी २००१
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

श्री. बाळासो भिमा शेंडगे, दौंड, यांस

नमस्कार.

मी हनुमंत दगडोबा कोळपे, बी.कॉम., वय वर्षे चौपन्न, मूळ राहणार निमोणे, हल्ली शिरूर, येथील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक, आणि आपली सून सौ. हर्षदा हिचा पिता. आपण मला चार वर्षे ओळखता. तरीही हे लिहावे लागते, कारण गेल्या महिन्यातील आपले वर्तन पाहता मी कोण आहे याचा आपल्याला विसर पडलेला दिसतो. या पत्राचा हेतू असा की, हर्षदावर केलेला आरोप आपण लेखी मागे घ्यावा आणि माझी नात अंकिता, वय अडीच वर्षे, हिला तिच्या आईकडे आणून पोचवावे. पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिण्याची माझी रीत आहे. ‘सप्रेम’ विसरलेलो नाही. गाळला आहे.

२१ जानेवारीला, रविवारी, दुपारच्या एस.टी.ने आपण हर्षदाला शिरूरला आणलेत. स्टँडपासून माझे घर चालत सात मिनिटांवर आहे. ती सात मिनिटे आपण चालला नाहीत. रसवंतीशेजारी तिला बॅगेसह उभे केलेत, पानवाल्याकडून मला निरोप धाडलात, आणि मी धावत पोचेपर्यंत परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसलात. खिडकीतून जे बोललात ते शब्दशः असे: “पाव्हनं, तुमची लेक तुमच्याकडं. पोर आमची हाय, ती आमच्याकडं ऱ्हाईल. भर पाव्हन्यांत डोळा मारनारी सून आमच्यात चालायची न्हाई.” गाडी भरलेली होती. तीत आमच्या महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी होते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात फीच्या खिडकीवर उभे राहून ते माझ्याकडे ज्या तऱ्हेने पाहत होते, ती तऱ्हा मी आपल्या नावे लिहून ठेवली आहे.

राग आला की माझी वाचा बसते. लेखणी बसत नाही.

संक्रांतीच्या दिवशी आपल्या घरी काय घडले, हे मी हर्षदाला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारले. तिन्ही वेळा एकच उत्तर आले. डिसेंबरपासून तिला डावीकडे पाहिले की प्रत्येक वस्तू दोन दिसते. एक डोळा झाकला की एकच दिसते. म्हणून ती डोळ्यावर तळहात ठेवून काम करी, डावीकडे पाहायचे झाल्यास सबंध मान वळवी. हे तिने आपल्या सासूबाईंना, सौ. सारजाबाईंना, सांगितले होते. “आत्याबाई, मला दोन दोन दिसतंय.” त्यावर सौ. सारजाबाई म्हणाल्या, “दोन दिसत्यात व्हय? मंग येक भाकर कमी थाप.” घरातले सगळे हसले. हर्षदाही हसली, असे ती म्हणते.

संक्रांतीला आपले जावई जयसिंगराव आले. ते खाटेवर, दाराकडून येणाऱ्याच्या डाव्या हाताला बसले होते. हर्षदा चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रेला दोन्ही हात लागतात. तळहात डोळ्यावर ठेवायला तिसरा हात नव्हता. गरम चहा पाहुण्याच्या मांडीवर सांडू नये म्हणून तिने एक डोळा मिटला. जयसिंगराव मोठ्याने म्हणाले, “काय वयनी, समद्यांम्होरं डोळा मारताय व्हय? आमची मंडळी बसलीया की हितं!” ते थट्टेने म्हणाले, हे मी मान्य करतो. थट्टा त्यांनी केली. सात दिवसांनी शिक्षा हर्षदाला झाली.

आता पुढचे. ३ फेब्रुवारीला आपण माझ्या कार्यालयात फोन केलात आणि आरोप बदललात. “पोरगी मुळातच चकनी हाय, तुमी झाकून दिली, आमच्या डोळ्यांत धूळ टाकली,” असे आपले म्हणणे. मी कागदपत्रांत तीस वर्षे काढली आहेत. एकाच माणसावर दोन परस्परविरुद्ध आरोप आले की तक्रारदाराला आधी खुर्चीत बसवून विचारावे लागते, नक्की काय म्हणायचे आहे? तिला नेम धरून डोळा मारण्याइतके चांगले दिसते, की तिला धड दिसतच नाही? एक निवडा. मग मी त्याचे उत्तर देतो.

दुसऱ्या आरोपाचे उत्तर मात्र आजच देतो. विवाहापूर्वी माझ्या घरात हर्षदाच्या डोळ्यांबद्दल कधीही, कोणतीही तक्रार नव्हती. हे मी जबाबदारीने लिहितो. शिवाय पुरावा आहे. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक कार्बन प्रत आपल्यापाशी ठेवायची असते, तिला स्थळप्रत म्हणतात. मी घरच्या पत्रांचीही स्थळप्रत ठेवतो. माझी पत्नी यावरून मला हसते. हे लग्न जुळवणारे पाबळचे म्हस्कूअण्णा यांना मी सप्टेंबर १९९६ मध्ये मुलीचे सविस्तर वर्णन लिहून पाठवले होते. त्याची स्थळप्रत माझ्या ट्रंकेत आहे. वेळ आली तर ती चार माणसांसमोर ठेवीन.

दहा दिवसांत उत्तराची अपेक्षा करतो.

हनुमंत दगडोबा कोळपे


शिरूर, सोमवार, दि. ५ मार्च २००१
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

श्री. बाळासो शेंडगे यांस

नमस्कार.

आपले पत्र मिळाले. एकूण ओळी सहा. आपण लिहिता, ‘तुमची मुलगी तीरळी आहे हे आता सगळ्या दौंडाला ठाऊक झाले आहे.’ शब्द ‘तिरळी’ असा लिहितात. आणि ती तिरळी नाही.

२६ फेब्रुवारीला मी तिला पुण्यात मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिची हनुवटी धरली, मान हलू दिली नाही, आणि स्वतःचे बोट तिच्या डोळ्यांसमोरून हळूहळू तिच्या उजव्या बाजूला नेले. दोन्ही डोळे बोटामागे गेले. मग बोट डावीकडे नेले. डावा डोळा गेला. उजवा मध्यावर येऊन थांबला, पुढे नाकाकडे वळेना. आणि पुढे गेलेला डावा डोळा जागच्या जागी हिसके देऊ लागला, जणू मागे राहिलेल्याला ओढून नेत होता. मी शेजारच्या खुर्चीवरून हे पाहिले. चोवीस वर्षे ज्या चेहऱ्याकडे मी पाहत आलो, त्यात असे काही होऊ शकते, हे मी प्रथमच पाहिले.

नंतर डॉक्टरांनी बोट सरळ तिच्या नाकाच्या शेंड्याशी आणले. तेव्हा तोच उजवा डोळा मुकाट्याने आत वळला. “बघितलंत?” डॉक्टर मला म्हणाले. “डोळ्याचा स्नायू ठणठणीत आहे. डावीकडे वळायचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही. हा तिरळेपणा नाही.” त्यांनी सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले आहे. दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी वळावे म्हणून मेंदूच्या देठात एक नस असते. एका डोळ्याला मिळालेला हुकूम ती दुसऱ्याला कळवते. विजेच्या तारेवर असते तसे या नसेवर आवरण असते. हर्षदाचे ते आवरण झिजले आहे. एमआरआयमध्ये आणखी पाच ठिकाणी तसेच पांढरे डाग आहेत. रोगाचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. तरुण बायकांत तो अधिक दिसतो, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा डोळ्यांतच उमटते. तो येतो, ओसरतो, पुन्हा येतो. पुरता घालवणारे औषध आज नाही. संसर्ग नाही. चारित्र्याशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी सांगितले नाही, कारण पुण्यात ते सांगावे लागत नाही.

पाच दिवस सलाईनमधून इंजेक्शने झाली. पुष्कळ उतार आहे. डावीकडे पाहिले की मात्र अजून दोनच दिसतात.

प्रसूतीनंतर दोन महिने तिच्या पायांना मुंग्या येत होत्या, तेही याच रोगाचे, असे डॉक्टर म्हणाले. त्या वेळी सौ. सारजाबाईंनी निदान केले होते, “आळसाच्या मुंग्या हायत त्या. आमी बाळंतपनानं तिसऱ्या दिशी रानात हुतो.” त्यांचे निदान आणि डॉक्टरांचे निदान मी वहीत शेजारी शेजारी लिहिले आहे.

यापुढचा परिच्छेद चि. गोकुळरावांना वाचून दाखवावा. जावईबापू, आपण रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर आहात. आपले डोळे खात्याने तपासले, मगच आपल्याला इंजिनात चढू दिले. आपणच मला एकदा सांगितले होते की, पुढचा सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी तो मोठ्याने पुकारायचा. एकाने पाहिले आणि दुसरा गप्प राहिला, हे चालत नाही. मला ती पद्धत फार आवडली होती. आपल्या घरात डिसेंबरपासून एक बाई सांगत होती की तिला दोन दिसते. आपण काय पुकारलेत? २१ जानेवारीला तिला बॅग भरायला लावली तेव्हा आपण ड्यूटीवर होतात, असे कळते. त्यानंतर आज त्रेचाळीस दिवस झाले. इतकी लांब गाडी भारतीय रेल्वेत कुठली आहे, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

श्री. बाळासो, एक तपशील राहिला. डॉक्टरांनी विचारले होते, “असं यापूर्वी कधी झालं होतं का? लग्नाआधी? काही आठवडे राहून आपोआप गेलेलं?” मी ‘नाही’ असे उत्तर दिले. त्यांनी ते कागदावर लिहिले. प्रश्न त्यांनी हर्षदाला विचारला होता. ती माझ्या उजव्या हाताला बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा समोर पाहिले.

डॉक्टरांच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. आता अंकिताला पाठवावे. ‘ती पोरीच्या अंगावर कडत दूध वतंल’ हे कारण आपण शेजाऱ्यांना सांगता, असे समजते. ज्या बाईने जावयाच्या मांडीवर चहाचा थेंब सांडू नये म्हणून आपले घर घालवले, ती पोटच्या पोरीवर दूध ओतील काय?

हनुमंत दगडोबा कोळपे


शिरूर, सोमवार, दि. २६ मार्च २००१
गुढीपाडवा

श्री. बाळासो शेंडगे यांस

आपले पत्र शनिवारी मिळाले. रविवार, ८ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजता आपल्या घरी दोन्हीकडच्या जाणत्या माणसांची बैठक ठेवली आहे, हे कळले. मी सही करून आणावयाच्या कागदाचा मजकूर आपणच लिहून पाठवलात, हेही पाहिले. ‘मुलीच्या डोळ्यांत लग्नाआधीपासून दोष होता, तो आम्ही लपवला, सबब मुलाकडील मंडळी तिला नांदवण्यास बांधील नाहीत व नात त्यांच्याकडेच राहील.’ हा कागद आणला नाही तर दारात पाऊल टाकू नये, असेही आपण लिहिता.

आपली सही मी ओळखतो, आणि हा मजकूर ती सही करणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही. कोणा लिहिणाऱ्याला बसवून लिहून घेतलेला आहे. ‘सबब’ हा शब्द आपण बोलण्यात वापरत नाही.

बैठकीला मी येईन. कागदही आणीन. आपल्याला हवा तो नव्हे. म्हस्कूअण्णांना १९९६ साली मुलीचे जे वर्णन मी कळवले, त्याची स्थळप्रत पाच जाणत्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवणार आहे. डोळ्यांबद्दल तीत काय आहे, ते सर्वांनी ऐकावे. त्यानंतर ‘झाकून दिली’ हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल, त्याने तो सिद्ध करावा.

आज सुट्टी आहे. गुढी उभारून झाली की ट्रंक उघडतो.

ह. द. कोळपे


शिरूर, बुधवार, दि. ४ एप्रिल २००१
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

श्री. बाळासो भिमा शेंडगे यांस

नमस्कार.

ट्रंक उघडली त्याला आज नऊ दिवस झाले. स्थळप्रत मिळाली. ९ सप्टेंबर १९९६ ची आहे. कार्बन थोडा फिकट आहे, पण वाचता येते. त्यातला संबंधित भाग जसाच्या तसा उतरवतो:

‘चि. हर्षदा, वय वीस, उंची पाच फूट दोन इंच, वर्ण गव्हाळ, प्रकृती निकोप, कोणतेही व्यंग नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. अलीकडे स्वभावाने उद्धट होत चालली असून, वडीलधारे बोलत असता डोळे फिरविते व तोंड दुसरीकडे करून उत्तर देते. त्याबद्दल मी तिला समज दिली आहे. तरी शिक्षण पुरे होण्याची वाट न पाहता योग्य स्थळ आल्यास विवाह उरकावा, असे माझे मत झाले आहे.’

‘कोणतेही व्यंग नाही’ हे वाक्य मला पाठ होते. मी त्याच्याच जोरावर आपल्याला दोन महिने लिहीत होतो. त्याच्या पुढचे वाक्य मीच लिहिले होते, हे माझ्या स्मरणात नव्हते. निदान, नव्हते असे मी समजत होतो.

‘समज दिली’ हा कार्यालयातला शब्द आहे. कर्मचाऱ्याला बोलावून दोन शब्द सुनावले की आम्ही फाइलवर तसे लिहितो. घरात त्याचा अर्थ असा की, मी तिच्या थोबाडीत मारली. ती टेबलापाशी अभ्यास करत होती. मी तिच्या डाव्या बाजूला उभा राहून तिला घरी उशिरा येण्याबद्दल विचारत होतो. तिने माझ्याकडे पाहिले, डोळा हिसके देऊ लागला, तिने तोंड फिरवले, एक डोळा मिटला आणि म्हणाली, “आप्पा, तुम्ही दोन दिसताय.” मला वाटले, थट्टा करते आहे. एक बाप पुरेसा नाही म्हणते आहे. पुढे दीड महिना ती पुस्तकसुद्धा एका डोळ्यावर हात ठेवून वाचत होती, आणि मी दीड महिना तिच्याशी बोललो नाही. मग ते आपोआप गेले. ती सुधारली, असे मी मानले.

जयसिंगरावांना जे वाटले, ते मला साडेचार वर्षे आधी वाटले होते. त्यांनी निदान हात उचलला नाही.

आणखी आहे. त्याच महिन्यात माझी आई बानूबाई निमोण्याहून चार दिवस आली होती. ती मला म्हणाली, “हनुमंता, पोरीचा डोळा नाचतुया रं. मेंढरू येकाच अंगाला गरगर फिराय लागलं की आदुगर त्याचा डोळा आसा नाचतु. हिला डाक्टरकडं ने.” मी बी.कॉम. माणूस. मुलीची तुलना मेंढराशी केली म्हणून मी आईला रागावलो. जावईबापूंना मी पुकारण्याचा नियम शिकवत होतो. माझ्या घरात सिग्नल पुकारला गेला होता. मी ऐकला नाही.

परवा निमोण्याला जाऊन आईला सगळे सांगितले. ती सुपात शेंगा निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “आत्ता सांगतुयास व्हय?” मूठभर खराब शेंगा बाजूला टाकल्या. मग म्हणाली, “मेंढराचा डोळा फिरला तर आमी त्येला मारीत न्हवतो, हनुमंता. निराळं बांधायचो आन् हातानं चारायचो.”

हर्षदालाही ती स्थळप्रत वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली. “मला माहीत होतं, आप्पा. डॉक्टरांनी नसांचं सांगितलं तेव्हाच कळलं.” मी विचारले, मग त्यांनी विचारले तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, “तुम्ही नाही म्हणालात ना. मग मी कशाला बोलू? मागच्या वेळेला बोलले होते की.”

त्यानंतर मी पुण्याला फोन करून डॉक्टरांना कळवले की माझे उत्तर चुकीचे होते. त्यांनी कागद दुरुस्त केला. म्हणाले, तेव्हा आणले असते तर रोग टळला असता असे नव्हे; पण रोगाला नाव मिळाले असते. नाव मिळाले असते तर तिला ‘उद्धट’ आणि ‘डोळा मारणारी’ ही नावे मिळाली नसती, हे त्यांनी सांगितले नाही. ते मी समजलो.

आता आपल्या आरोपाबद्दल, काटेकोरपणे. २ फेब्रुवारी १९९७ रोजी आपण मुलगी पाहायला आलात. त्या दिवशी तिचे डोळे पूर्ण बरे होते, ही गोष्ट सत्य आहे. पण आपण येण्याआधी मी तिला बजावले होते, ‘मान वर करायची नाही, आणि डोळे तर मुळीच नाही.’ रोग झाकण्यासाठी नव्हे, रोग मला ठाऊक नव्हता. तिचा उद्धटपणा दिसू नये म्हणून. तरी झाकले ते झाकले. ‘झाकून दिली’ हा आपला शब्द मी आजवर खोटा म्हणत होतो. तो अर्धा खरा आहे. लग्नाआधी आजार झाला होता आणि माझ्या घरात त्याची खूण दिसली होती, हे मी बैठकीत बोलेन आणि लिहून सहीही देईन. फिर्याद माझ्यावर करा. त्यात हर्षदाचे नाव घालू नका, कारण त्या घरात खरे सांगणारी ती एकटी होती. आपल्याही घरात तीच होती.

पण उरलेला अर्धा आपला आहे, आणि तो मी सोडणार नाही. आपण आणि मी, दोघेही मेंढरे राखणाऱ्यांची पोरे. मेंढरू घेताना आपले वडील आधी पापणी उलटून डोळा पाहत. सून घेताना आपण तिच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसलात, कारण ती तिथे पाहत होती. चार वर्षे ती आपल्या चुलीपुढे बसली. त्या चार वर्षांत तिचे डोळे आपल्यापैकी एकानेही पाहिले नाहीत. जेव्हा पाहिले तेव्हा त्यांत आपल्याला बदचाल दिसली. माझा राग कमी झालेला नाही. त्यावर एक पत्ता वाढला आहे, शिरूरचा.

अंकिताचा मात्र यात काही संबंध नाही. मुलीची आई आजारी आहे म्हणून मूल आईवाचून ठेवायचे, असा नियम आपल्या जातीत नाही आणि माणसांतही नाही. आजाराच्या दिवसांत हर्षदाला मदत लागेल. ती मी करीन, तिची आई करील, आणि माझी आई म्हणते, “म्या अजून धडधाकट हाय.” गोकुळरावांना यायचे असेल तर त्यांनीही यावे. काल त्यांनी कार्यालयात फोन केला होता. घरच्यांना न सांगता केला, म्हणाले. एवढेच विचारले, “तिला अजून दोन दिसत्यात का?” मी म्हणालो, तिलाच विचारा, आणि घरचा नंबर दिला. ते घरात कोणाला सांगणार नसतील, म्हणून मी सांगत आहे. पुकारलेले बरे.

रविवारी अकराला आम्ही येतो. हर्षदा बैठकीत बसेल. मी तिला सांगितले आहे की मान खाली घालायची नाही. तिला पाहिजे तेव्हा ती एक डोळा मिटेल. त्या वेळी कोणी हसले तर ते मी सहन करणार नाही, मग ते जयसिंगराव असोत वा आणखी कोणी.

बसण्याच्या व्यवस्थेबद्दल तिचा एक निरोप आहे. तो तिच्याच शब्दांत कळवतो: “अंकीला माझ्या उजव्या अंगाला बसवा म्हणावं. तिकडं एकच दिसते.”

आपण, सौ. सारजाबाई आणि जयसिंगराव यांनी तिच्या डाव्या बाजूला बसावे. आपण तिला प्रत्येकी दोन दिसाल, त्याला इलाज नाही.

मीही डावीकडेच बसणार आहे.

हनुमंत दगडोबा कोळपे
शिरूर, जि. पुणे
दि. ४ एप्रिल २००१

सोबत: दि. ९ सप्टेंबर १९९६ च्या पत्राची स्थळप्रत, एक पान. मूळ. माझ्याजवळ दुसरी नाही.